रानाच्या तुकड्यांतील सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण : दक्षिण कोकणासाठी क्रमवार मार्गदर्शक

दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्याकडच्या सत्तरीच्या पट्ट्यात अभयारण्यं आणि राखीव वनं सोडली तर बरंचसं रान तुकड्यांत उरलं आहे. कुठे पाच हेक्टरांची देवराई, कुठे दोन रबर बागांमधला वहाळाकाठचा पट्टा, कुठे काजूच्या मधोमध राहिलेलं खासगी रान. अशा तुकड्यांच्या अहवालांत एक चूक वारंवार दिसते. समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे दोन कॅमेरे, दहा रात्री, आणि शेवटी वाक्य येतं : ‘पिसोरी, चौशिंगा, खवले मांजर यांचं अस्तित्व नाही.’ (पिसोरी म्हणजे इवलंसं मूषक हरीण.) तेवढ्या कामावर असं वाक्य लिहिताच येत नाही. उद्या तोड करायची असेल तर पुरावा म्हणून हेच वाक्य पुढे केलं जाऊ शकतं. म्हणून खालचे सगळे टप्पे एकाच गोष्टीसाठी आहेत. ‘आढळला नाही’ असं लिहाल तेव्हा त्या शब्दांना वजन असलं पाहिजे.

इथे सशापासून गव्यापर्यंतचे प्राणी धरले आहेत. उंदीर, चिचुंद्र्या आणि वटवाघळांसाठी सहसा प्राणी पकडावे लागतात. त्याची परवानगी आणि प्रशिक्षण वेगळं असतं, ते काम यात मिसळू नये.

## १. आधी प्रश्न लिहून काढा

‘कोणते प्राणी आहेत ते बघायचं’ हा प्रश्न नाही, ती हौस झाली. प्रश्न असा हवा : पाच हेक्टरांखालच्या देवरायांत पिसोरी टिकली आहे का? किंवा, वहाळाकाठच्या पट्ट्यातून गवा आणि सांबर एका रानातून दुसऱ्या रानात जातात का? पहिल्या प्रश्नासाठी कॅमेरे तुकड्यांच्या आत लागतील, दुसऱ्यासाठी तुकड्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांत. एकाच मांडणीत दोन्ही उत्तरं मिळवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

प्रश्नासोबतच लक्ष्य प्राण्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे पद्धत लिहा. पिसोरी, भेकर, साळिंदर, जवादी मांजर, बिबट्या यांच्यासाठी जमिनीलगतचा कॅमेरा. शेकरू आणि वानरांसाठी सकाळची पायी फेरी. लाजवंतीसाठी (स्लेंडर लोरिस) रात्रीची फेरी. तपकिरी उदमांजर बहुतेक वेळ झाडावर काढतं, ते जमिनीवरच्या कॅमेऱ्यात आलं नाही तर त्याचा अर्थ जवळजवळ शून्य.

पडताळा : यादीतल्या एखाद्या प्राण्यापुढे पद्धत लिहिता येत नसेल, तर अहवालात त्याच्याविषयी ‘शोध घेतला नाही’ असं लिहायचं. ‘आढळला नाही’ हे शब्द त्याच्यासाठी वापरायचे नाहीत.

## २. परवानग्या आणि गावाची संमती

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी जायला परवाना लागतो. प्राणी पकडायचा असेल तर कलम १२ लागू होतं. वनखात्याच्या इतर जमिनीवर कॅमेरे लावायचे तरी लेखी परवानगी घ्याच, आणि पत्राची प्रत परिक्षेत्र कार्यालयात आणि वनरक्षकाकडे द्या. कागद हलायला महिने लागतात, त्यामुळे दिवाळीनंतरच्या कामाचा अर्ज उन्हाळ्यातच गेला पाहिजे.

देवराई आणि खासगी रानांसाठी हे पुरत नाही. सातबारावरची नावं बघा, खातेदार अनेक असतील तर कसणाऱ्याशी आणि मुंबईला राहणाऱ्या भावकीशीही बोला. देवराईसाठी गावकर, मानकरी आणि गुरव यांना आधी भेटा. राईत चपला चालतात का, कोणत्या दिवशी आत जायचं नाही, कोणत्या भागात कुणीच जात नाही, हे तिथेच कळतं. गाऱ्हाणं घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असं ठरलं, तर तो दिवस वेळापत्रकात धरा.

कॅमेऱ्यात माणसांचे फोटो येणारच. फाट्यांना, म्हणजे सरपणाला जाणाऱ्या बायका, गुराखी, शिकारी, सगळे येतील. त्या फोटोंचं काय करणार ते आधी ठरवा आणि गावात सांगा. पाणवठ्याच्या आंघोळीच्या जागा आणि माणसांची आडोशाला जायची वाट सोडूनच कॅमेरा लावा. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी मराठीत पाटी लावा : कशाचा कॅमेरा आहे, कधी काढणार, संपर्क कुणाशी. माणसांचे फोटो छाननीच्या पहिल्याच फेरीत काढून टाका.

सावधान : शिकारीचा फोटो आला तर काय करायचं हे वनखात्याशी काम सुरू होण्याआधी बोलून ठेवा. मधेच ठरवायला गेलात तर गावाचा विश्वास जाईल, नाहीतर कायद्याचं बंधन तुटेल.

## ३. तुकड्यांचा नकाशा

उपग्रह चित्रांवरून तुकड्यांच्या सीमा आखा. गूगल अर्थ आणि क्यूजीआयएस या दोन फुकट साधनांत हे सगळं होतं. मोजमापासाठी नकाशा यूटीएम ४३ उत्तर पट्ट्यात ठेवा. अक्षांश-रेखांशांच्या अंशांतच क्षेत्रफळ काढायला गेलं की आकडे चुकतात.

वरून काजू, रबर आणि रान सारखंच हिरवं दिसतं. जानेवारी-फेब्रुवारीत रबराची पानं गळतात, त्या सुमाराचं चित्र मिळालं तर रबर वेगळं काढता येतं. काजूसाठी मात्र प्रत्येक सीमा पायी फिरून तपासायला हवी.

प्रत्येक तुकड्याची क्षेत्रफळ, सर्वांत जवळच्या मोठ्या रानापासूनचं अंतर, कडेला काय आहे (काजू, रबर, अननस, सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, वस्ती), बारमाही पाणी आणि आतून जाणारा रस्ता एवढी माहिती एका तक्त्यात भरा. मग आकाराप्रमाणे गट करून प्रत्येक गटातून तुकडे चिठ्ठी टाकून निवडा. नुसत्या गाडीरस्त्याजवळच्या किंवा ओळखीच्या माणसांच्या राया निवडल्या तर उत्तर रस्त्याजवळच्या रायांपुरतंच राहतं.

एकूण कॅमेऱ्यांपैकी किमान एक तृतीयांश तुकड्यांबाहेर, बागांमध्ये लावा. हे बहुतेक जण टाळतात आणि मग फसतात. साळिंदर, रानडुक्कर, बिबट्या काजूतून सर्रास फिरतात. बागेतला कॅमेरा नसेल तर तुकड्यातली नोंद तुकड्यामुळे आहे की प्राणी सगळीकडेच आहे, हे सांगता येत नाही.

## ४. किती रात्री पुरेशा?

इथेच सर्वेक्षण जिंकतं किंवा हरतं, म्हणून कागद-पेन घेऊन बसा.

एखादा दुर्मीळ प्राणी तुकड्यात आहे आणि कोणत्याही एका रात्री एका कॅमेऱ्यात येण्याची त्याची शक्यता १०० त ३ आहे असं धरा. म्हणजे एका रात्री तो हुकण्याची शक्यता ०.९७. तीस रात्री सलग हुकण्याची शक्यता ०.९७ चा तिसावा घात, म्हणजे जवळपास ४० टक्के. साठ रात्रींत ती १६ टक्क्यांवर येते, शंभर रात्रींत ५ टक्क्यांच्या खाली. म्हणजेच तीस रात्रींनंतर ‘नाही’ लिहिणारा माणूस, प्राणी असलेल्या दर पाच तुकड्यांपैकी दोनांत चूक करतो. दहा रात्रींचा हिशेब स्वतः करून बघा : हुकण्याची शक्यता ७४ टक्के येते.

कॅमेरे वाढवून रात्री भरून काढता येतात, पण पूर्ण नाही. पाच हेक्टरांच्या राईत पन्नास मीटरवर लावलेले चार कॅमेरे एकाच पिसोरीच्या एकाच फेऱ्यावर अवलंबून असतात, त्यांना चार स्वतंत्र साक्षीदार मानू नका. कामचलाऊ प्रमाण असं ठेवा : पाच हेक्टरांपर्यंत दोन ठिकाणं, वीसपर्यंत चार, त्यापुढे दर दहा हेक्टरांना आणखी एक. शक्य तिथे दोन ठिकाणांत २०० मीटर अंतर आणि प्रत्येक ठिकाणी किमान ४५ रात्री. फार लहान तुकड्यांत ६० रात्रींहून कमी नको.

मोठ्या तुकड्यात कॅमेरे जास्त, म्हणून तिथे जातीही जास्त दिसतात. हा फरक रानाचा नसून मेहनतीचा असू शकतो. तुलना करताना सगळ्या तुकड्यांचे आकडे समान कॅमेरा-रात्रींवर (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक कॅमेरा-रात्र) आणूनच मांडा.

## ५. हंगाम

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. जून ते सप्टेंबर पावसाने लेन्स धुरकटते आणि वाढलेलं गवत हलून कार्ड भरतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हवेचं तापमान प्राण्याच्या अंगाच्या जवळ जातं. कॅमेऱ्याचा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो, तो फरकच उरला नाही तर समोरून गेलेलं भेकरही नोंदत नाही. अर्धे तुकडे डिसेंबरात आणि अर्धे एप्रिलमध्ये केले तर त्यांची तुलना करू नका.

सावधान : हाच कोरडा हंगाम माकडतापाचाही आहे. २०१६ पासून सिंधुदुर्गात या तापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडींतून पसरतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, कीटकरोधक औषध, आणि परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासणं, यात सूट नाही. पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखातं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात होतो’ हे आधी सांगा.

## ६. गावातली माहिती

कॅमेरे लावण्याआधी गुराखी, बागायतदार, मध काढणारे आणि पूर्वी पारधीला जाणारे वयस्क यांच्याशी बोला, एकेकट्याशी. चारचौघांत एक जण बोलतो, बाकीचे मान डोलावतात.

आधी चित्रं न दाखवता नावं सांगू द्या, मग चित्रांचा संच दाखवा. त्यात या भागात नसलेला एखादा प्राणी मिसळा, उदाहरणार्थ हिमालयातलं गोरल. ते ‘बघितलंय’ म्हणणाऱ्याच्या इतर नोंदीही जपून घ्या. काळ विचारताना तारीख नको, ‘गणपतीनंतर की आधी? गेल्या शिमग्याला?’ असं विचारा. प्रत्यक्ष पाहिलं, खुणा पाहिल्या की ऐकलं, हे तीन रकाने वेगळे ठेवा.

नावांत घोळ हमखास होतो. ‘वाघ’ म्हणजे बऱ्याचदा बिबट्या असतो, म्हणून ‘पट्ट्याचा की ठिपक्यांचा’ हे विचारलंच पाहिजे. ‘वाघाटी’ हे नाव दोन वेगळ्या लहान मांजरांना लावलं जातं. ‘ऊद’ म्हटलं की पाण्यातला की माडावरचा हे स्पष्ट करून घ्या. माणसाने उच्चारलेलं नाव जसंच्या तसं लिहा, जात शेजारच्या रकान्यात.

## ७. टेहळणी आणि खुणा

कॅमेऱ्याची जागा नक्की करण्याआधी प्रत्येक तुकडा एकदा शांतपणे फिरा. वहाळाच्या काठचा चिखल, गडग्यातली खिंडारं, आडव्या पडलेल्या खोडांवरची बियांनी भरलेली उदमांजराची विष्ठा, साळिंदराचे काटे, उकरलेली वारुळं, वडा-उंबराखालची पडलेली फळं हे सगळं नोंदवा.

जांभ्याच्या कोरड्या जमिनीवर ठसा उमटत नाही. वाटेवर एक मीटर लांबीरुंदीचा चाळलेल्या मातीचा पट्टा करा, संध्याकाळी सपाट करा, सकाळी बघा. फोटो सरळ वरून घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. कुत्र्यावर्गाच्या ठशात नखं दिसतात, मांजरवर्गात सहसा दिसत नाहीत. पण गावकुत्रा आणि कोल्हा ठशावरून वेगळे सांगणं अवघड असतं, तिथे ‘कुत्रा किंवा कोल्हा’ एवढंच लिहा. लेंड्यांवरून पिसोरी ठरवू नका, ‘संशयित’ म्हणून ठेवा आणि कॅमेऱ्याने खात्री करा. ठशांवरून बिबट्यांची संख्या तर मुळीच काढू नका. देशपातळीवरच्या व्याघ्रगणनेने ती रीत २००६ च्या फेरीपासून सोडली आहे.

सावधान : खवले मांजराचं ताजं बीळ सापडलं तर त्यासमोर कॅमेरा लावू नका, तिथे पायवाट पाडू नका आणि फोटो कुणालाही पाठवू नका. बीळ वापरात आहे का हे पाहायला तोंडाशी दोन-तीन बारीक काड्या उभ्या करून दुसऱ्या दिवशी लांबूनच बघा.

## ८. कॅमेरे लावणं

नकाशावर ठरलेल्या बिंदूपासून ५० मीटरांच्या आत प्राण्यांची सर्वांत चांगली वाट शोधा आणि तिथे लावा. हाच नियम सगळ्या तुकड्यांत पाळा. एका राईत वाटेवर आणि दुसरीत झुडपात लावलात तर फरक जागेचा की रानाचा, हे कळणार नाही. आमिषाचंही तसंच : वापरायचं तर सगळीकडे, नाहीतर कुठेच नाही. लहान तुकड्यांत न वापरलेलंच बरं, आमिषाने शेजारच्या बागेतला प्राणीही आत ओढला जातो.

उंची जमिनीपासून ३५ ते ४० सेंटिमीटर. पिसोरी खांद्याजवळ जेमतेम ३० सेंटिमीटर भरते. कमरेच्या उंचीवरचा कॅमेरा तिच्या डोक्यावरून बघतो, आणि पिसोरी ‘नसण्याचं’ हे सर्वांत साधं कारण असतं. वाटेपासून अंतर दोन ते तीन मीटर. उतारावर कॅमेरा जमिनीला समांतर झुकवा, मागे काटकी खोचून. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट येणार नाही. वाटेशी कोन साधारण ४५ अंशांचा. काटकोनात लावला तर धावता प्राणी चौकट ओलांडून गेल्यावर फोटो निघतो, आणि वाटेच्या रेषेत लावला तर समोरून येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो.

समोरचं गवत, नेचे आणि लोंबत्या वेलींची टोकं हाताने काढा. देवराईत कोयता चालवू नका, तिथे फांदी तोडणं निषिद्ध असतं. पारंबी वाऱ्याने हलते, तिला कॅमेरा बांधू नका. योग्य जाडीचं झाड नसेल तर मेढ पुरा. तुकड्यांत गुरं फार, ती कॅमेऱ्याला अंग घासतात, म्हणून पट्टा घट्ट आवळा.

सेल सगळे एकाच प्रकारचे, एकाच वेळी घेतलेले. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ व्होल्टचे. काही कॅमेऱ्यांत पहिले वापरले तर रात्रीचा प्रकाश मंद पडतो, तेव्हा घरी रात्रभर चालवून बघा. कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. दर हालचालीला तीन फोटो, मध्ये थांबा नाही. शिवाय रोज दुपारी बाराला आपोआप एक फोटो निघेल असं ठेवा. हा फोटो फार मोलाचा असतो. कॅमेरा किती दिवस खरोखर जिवंत होता हे त्यावरूनच कळतं, आणि कॅमेरा-रात्री तेवढ्याच धरायच्या.

सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच मोबाइलवरून, चोवीस तासांच्या पद्धतीने लावा. सेल काढल्यावर काही कॅमेरे जुन्या तारखेवर जातात. म्हणून लावताना आणि काढताना ठिकाणाचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिलेली पाटी कॅमेऱ्यापुढे धरून फोटो घ्या.

निघण्याआधी पडताळा : ओणवं होऊन, हाताचा पंजा जमिनीपासून वीतभर उंच ठेवून वाटेवरून हळू जा, मग झटकन जा. दोन्ही वेळा फोटो आला का? कार्डचं कुलूप उघडं आहे का? कॅमेरा चालू करूनच झाकण लावलं का? शेवटची चूक सर्वांत जास्त होते आणि ती महिन्याभराने कळते.

दहा-बारा दिवसांनी एकदा बघून या. त्याहून वारंवार जाऊ नका, माणसाचा वास आणि वर्दळ दोन्ही वाढतात. तिलारीच्या बाजूला हत्तींचा वावर असतो. तिथे फेरी वनरक्षकाला विचारूनच काढा.

## ९. पायी फेऱ्या

शेकरू आणि माकडांसाठी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, ताशी एक किलोमीटरच्या आसपास वेगाने, वारंवार थांबत चाला. अंतराच्या पद्धतीने (दिसलेल्या प्राण्याचं चालण्याच्या रेषेपासूनचं अंतर मोजून) घनता काढायची तर ६० ते ८० नोंदी लागतात. लहान राईत त्या मिळत नाहीत, तिथे ‘दर किलोमीटरला किती’ एवढंच द्या. शेकरूची घरटी मोजून संख्या सांगू नका, एकच शेकरू अनेक घरटी बांधतं.

रात्री दोघांनी मिळून, लाल काच लावलेल्या डोक्यावरच्या बॅटरीने, ताशी अर्धा किलोमीटर. डोळ्यांची चमक दिसली की दुर्बिणीतून शरीर दिसेपर्यंत जात लिहू नका. गमबूट आवश्यकच. दगडावर किंवा फांदीवर हात ठेवण्याआधी उजेड टाका, फुरसं आणि चापडा हे दोन्ही विषारी साप याच भागातले.

## १०. फोटोंची छाननी

कार्ड काढल्या दिवशीच दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. फोल्डर : तुकडा, ठिकाण, तारीख. रिकामे फोटो वेगळे करायला मेगाडिटेक्टरसारखं संगणकी साधन वापरा, पण त्याने ‘रिकामे’ म्हटलेल्यांतले थोडे हाताने तपासा. पिसोरीसारखे लहान, कडेला उभे प्राणी त्यातून निसटू शकतात. जात दोघांनी स्वतंत्रपणे ठरवावी, मतभेद असेल तर ‘अनिश्चित’.

एकाच ठिकाणी एकाच जातीचे अर्ध्या तासाच्या आतले फोटो एक नोंद धरा. भटकी कुत्री, मांजरं, गुरं यांचीही नोंद तितक्याच काटेकोरपणे करा. लहान तुकड्यात पिसोरी का दिसत नाही याचं उत्तर बऱ्याचदा कुत्र्यांच्या रकान्यात सापडतं.

शंभर कॅमेरा-रात्रींमागे किती नोंदी, हा आकडा संख्येचा नाही. वाटेवरून रोज जाणारं एकच भेकर तीस नोंदी देईल. पाच-पाच रात्रींचे गट करून ‘दिसला – नाही’ असा तक्ता बनवा आणि त्यावरून नोंद होण्याची शक्यता धरून वावर, म्हणजे किती ठिकाणी प्राणी आहे, ते काढा. बिबट्यासारखा प्राणी एका तुकड्यात राहत नाही, तो अनेक तुकडे वापरतो. त्याच्याबाबत ‘वास्तव्य’ न लिहिता ‘वापर’ लिहा.

## ११. अहवाल

प्रत्येक जातीपुढे चारपैकी एक शेरा द्या : फोटोने खात्री, खुणांवरून, गावकऱ्यांच्या माहितीवरून, इतक्या कॅमेरा-रात्रींत आढळला नाही. शेवटच्या शेऱ्यात आकडा आणि हुकण्याची अंदाजी शक्यता लिहायचीच. ती शक्यता १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो तुकडा ‘अनिर्णित’ म्हणून पुढच्या हंगामाच्या यादीत टाका.

खवले मांजर, बिबट्याची गुहा, वाघाची नोंद यांची नेमकी ठिकाणं फक्त वनखात्याला, बंद पाकिटात. जाहीर अहवालात तालुका किंवा दहा किलोमीटरांचा चौकोन पुरे. मोबाइलने काढलेल्या फोटोंत ठिकाणाची माहिती दडलेली असते, गटांवर पाठवण्याआधी ती पुसा.

गावाला द्यायची प्रत मराठीत, चार पानांची, त्यांच्या राईत टिपलेल्या प्राण्यांच्या फोटोंसह. ती गावकर आणि शाळेकडे द्या, आणि पाट्या व पट्टे काढून नेले आहेत हे त्याच भेटीत दाखवून द्या.